दुधनीच्या काठावर मागितलेला नंबर

चंदेरी रिफ्लेक्टर पिशवीतून काढला की फट्‌कन उघडतो, आणि त्या आवाजासरशी मला दुधनीचा काठ आठवतो. लग्नाआधीचं शूट होतं. मी रोजंदारीवर गेलेली असिस्टंट, जलाशयावरच्या वाऱ्यात रिफ्लेक्टर दोन्ही हातांनी घट्ट धरून नवरीच्या चेहऱ्यावर उजेड पाडत होते. तेवढ्यात तिचा भाऊ जवळ आला. "ताई, माझ्या साखरपुड्याला तुम्ही एकट्याच या ना, बजेटमध्ये होऊन जाईल. नंबर द्या तुमचा." शेजारी लेन्स बदलणाऱ्या फोटोग्राफर सरांचे हात थांबले. दुसऱ्याच्या कामावर आपला नंबर देणाऱ्याला सिल्वासात पुन्हा कुणी बोलावत नाही, हे मला ठाऊक होतं. पण पुढच्या महिन्यात हातात एकही काम नव्हतं. "सरांचाच नंबर घ्या," मी म्हणाले, "त्यांनी आणलं तर मी येईनच." खानवेल मागे टाकून सरांची गाडी सिल्वासात आली. नाक्यावर उतरून मी रिफ्लेक्टर परत देऊ लागले, तर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. रविवारी वापीच्या शूटला लागेल." तोच रिफ्लेक्टर अजून चालतोय. आता तो माझी असिस्टंट धरते, आणि तिला कुणी नंबर मागितला की लेन्सवरचे माझे हात थांबतात.