दाराआडचं हसू

आईला जाऊन आठवडा झाला होता. स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दाराआडून दादा आणि ताईचं दबकं हसू ऐकू आलं, आणि मी पुस्तक मिटलं. दाराआडचं हसू माणसाला नेहमीच संशयात टाकतं. सुतकातलं तर फारच. इतक्यात विसरली ही दोघं तिला?

दार ढकलून मी कमरेवर हात ठेवले. "काय खुसुखुसू चाललंय रे?"

ताईच्या बोटावर दुधाचा थेंब होता. ओशाळून म्हणाली, "आई दूधवाल्यावर कसा संशय घ्यायची, ते करून दाखवत होते."

दादा मात्र हसत खालीच बसला. "राहू दे गं तुझी नक्कल. आई ही बघ, दारात उभी!"

मीही हसले. पण कमरेवरचे हात खाली घ्यावेसे वाटेनात.