बंदरावर अडलेली करडई

माझ्या थोरल्या भावाची नांदेडला तेलाची गिरणी आहे. करडई सोडून दुसरं तेल त्यानं कधी काढलं नाही. मी लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त झाले.

पूर्वी हदगावकडून त्याच्याकडं करडईची पोती यायची. पुढं त्या शेतांत सोयाबीन आलं. करडई काट्याचं पीक, हाताला फडकी गुंडाळून काढावं लागतं, आणि त्या कामाला माणसं मिळेनाशी झाली. गिराईक मात्र तुटलं नव्हतं. जन्मभर करडईच्या तेलावर जेवलेली माणसं बाटली घेऊन गिरणीच्या दारात यायची आणि रिकामी परत जायची. दादाला ते बघवत नव्हतं. बाहेरच्या देशातून करडईचं तेल पिंपात भरून येतं, असं त्याला एका व्यापाऱ्याकडून कळलं, आणि सोलापूरच्या पलीकडं कधी माल न घेतलेला माझा भाऊ परदेशातून तेल आणायच्या मागं लागला. परवाना काढला, मुंबईत एक एजंट धरला.

एका दुपारी तो या व्यवहाराची फाइल घेऊन माझ्याकडं लातूरला आला.

“इंग्रजी मला वाचता येतं बाई, पर हे रसायनाचं तू बघ. तू हाव म्हटलीस की मी सही करतो.”

माझ्यासमोर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. दुसऱ्या दिवशी ते जमा करायचे होते. मी भराभर पानं उलटली. शेवटच्या पानावर तेलाच्या तपासणीचा अहवाल होता, आणि त्यात आयोडीन मूल्याचा आकडा फार कमी होता. या आकड्यावरून तेल कोणत्या जातीचं ते ओळखता येतं. आपल्या करडईचा आकडा बराच वर असतो. मी त्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. मग वर पाहिलं. दादा चहाचा कप हातात धरून माझ्याकडं बघत होता, लग्न ठरल्याची बातमी ऐकायला बसल्यासारखा. टायपिंगची चूक असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि ते चिन्ह खोडून टाकलं.

“ठीक आहे दादा,” मी म्हणाले.

दादानं सही केली, आणि तेल जहाजानं मुंबईला आलं. बंदरावर सरकारी अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी नमुना घेतला. काही दिवसांनी दादाचा फोन आला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

“नमुना नापास झाला. सकाळधरनं एजंटाला फोन करून राहिलो, नीट सांगंना. मी भेसळ केली म्हणतेत का काय ते साहेब लोक?”

भेसळ नव्हती. तेल शुद्धच होतं, पण ते करडईच्या नव्या वाणाचं होतं, ज्याचा आयोडीनचा आकडा मुळातच कमी असतो. त्याच्यासाठी नियमांत वेगळं मानक आहे. आमच्या अर्जावर आणि पिंपांवर साध्या करडईचं नाव होतं. नाव एका तेलाचं आणि आत दुसरं. अधिकाऱ्यांनी जे केलं ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं नांदेडला गेले. दादा गिरणीत रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांपाशी बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आकडा दिसला होता, शंका आली होती, आणि तरी मी बोलले नाही.

 तो म्हणाला, “मला सांगायचं होतंस.”

“हो.”

“मी काय तुला खाल्लं असतं का?”

मला रडू आलं. त्यानं मला पाणी दिलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

दादानं त्या निकालावर अपील केलं, आणि सुनावणीसाठी आम्ही दोघं मुंबईला गेलो. कचेरीच्या वाटेवर एजंट म्हणाला, अहवालातला आकडा दिसलाच नव्हता म्हणून सांगा, त्यानं बरं पडेल. दादानं मान हलवली. “न्हाई. दिसला होता. आमच्याकडनं चूक झाली, तेच सांगायचं.” आत तो तसंच बोलला. ‘आमच्याकडनं’ म्हणाला. अधिकारी बाई शांतपणे ऐकत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की आता नाव बदलता येणार नाही. माल परत पाठवा, नाहीतर नष्ट करा. दादानं परत पाठवण्याच्या कागदावर सही केली. 

तेल गिरणीपर्यंत आलंच नाही, तेव्हा भरायचं काम थांबलं. गिरणीत बाटल्या भरणाऱ्या चार बायका होत्या. दोघी सोयाबीनच्या कारखान्यात गेल्या. एक अर्धापूरला लेकीकडं केळीच्या कामावर गेली. एक तेवढी राहिली, ती सगळ्यांत जुनी होती. गिरणी झाडायची आणि दारातल्या गिराईकांना परत पाठवायची.

त्यानंतर मी गेले तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

“ताई, लई वाईट झालं बगा. पर सरकारचा कायदाच मधी बदलला म्हणं. मालक तरी काय करतील?”

“कोण म्हणालं असं?”

“मालकच म्हणले. सगळ्यांना तेच सांगून राहिले. आमी तुमचं नाव काढलं तर म्हणले, बाईनं तर नीटच बघितलं होतं.”

भिंतीपलीकडं दादा फोनवर बोलत होता. मुंबईत साहेबांसमोर खोटं बोलायला त्यानं नकार दिला होता. आणि इथं, आपल्याच माणसांत, तो माझ्यासाठी रोज थोडं थोडं खोटं बोलत आला होता.

मी त्या बाईचा हात धरला आणि म्हणाले, “कायदा बदलला नव्हता. कागद मी वाचला होता. चूक माझी आहे.”

तिनं हात काढून घेतला नाही. एवढंच विचारलं, “मालकाला म्हाईत हाय?”

“हाव,” मी म्हणाले. “माल अडला तेव्हापासून त्यांना माहीत आहे.”