डोळखांबच्या पुढचा डबा

"हे एवढं एक वळण बघू, मग परतू." काका असं म्हणत आणि गिअर बदलत. ते वळण संपलं की पुढचं दिसे, आणि परतायचं राहून जाई.

त्यांच्यावर मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला; परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं शहापुरात आहेत. काही चुकलं तर त्यांनी आणि तुम्हीही सांभाळून घ्यावं.

काका भातसा धरणावरून निवृत्त झालेले ओव्हरसियर. कॉलेज सांभाळून मी शहापुरातल्या एका सायबर कॅफेत बसायचो. तिथे ते एकदा आले आणि अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेलं जीपीएस यंत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. त्याबरोबर एक खेळही आला होता. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून यायचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. काय कॉलेज, येणार रविवारी?"

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कॉलेजच राहिलो.

त्यांच्या पांढऱ्या मारुतीतून आम्ही किन्हवली, धसई, म्हसा असे आडरस्ते फिरलो. मुंबईकरांनी लपवलेले एक-दोन डबे सापडले, बाकीचे नाहीत. रस्त्याच्या कडेला डोंगर मोकळा दिसला की ते गाडी थांबवून बॉनेटला टेकून उभे राहत. गाडी तापली म्हणून थांबलो, असं मात्र सांगत. नाशिकला असलेला त्यांचा मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, या वयात पेट्रोल जाळून डबे कसले शोधता?" तो कधी आमच्याबरोबर आला नाही.

मग त्यांनी स्वतःचा डबा ठेवायचं ठरवलं. जागा निवडण्यात सगळा हिवाळा गेला. डोळखांबच्या पुढे एका चढावर आजोबा डोंगराचा कडा एकदम समोर येतो. तिथे त्यांनी तो दगडांच्या खाचेत ठेवला.

"आयुष्यभर खातं पाठवेल तिथे गेलो," ते म्हणाले. "आता कुणीतरी मी सांगेन तिथे यावं. एकानं जरी."

हे त्यांनी हसत सांगितलं होतं. पण पुढे दर सोमवारी कॅफेत येऊन विचारू लागले, "आलं का कोणी?"

पहिला निरोप आला: सापडला नाही. दुसराही तसाच. काका चिडले. "गेलेच नसतील. गाडीतून उतरायला नको यांना." आम्ही पाहायला गेलो. खाच रिकामी होती. डबा जवळच्या वाघदेवाच्या शिळेपुढे मांडलेला, झाकणाला शेंदूर, वर एक झेंडूचं फूल.

शेजारच्या पाड्यावरची एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन येत होती.

"आजी, हा डबा कुणी उचलला?"

"मीच. नवसाचा दिसला. दगडान पडला व्हता, देवापाशी ठिवला."

"नवसाचा नाही आजी, खेळातला आहे. माझा आहे."

तिनं मोळी खाली टेकवली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुजा? आन् ह्या वयात खेलतंस? घरची काय बोलत नाय?"

"बोलतात ना."

"बोलनारच."

काकांनी डबा पुन्हा खाचेत ठेवला. पुढच्या खेपेला तो पुन्हा देवापुढे, शेंदूर ताजा. मग त्यांनी हार मानली. देवापाशी उभं राहून नवे आकडे घेतले आणि इंटरनेटवरचे बदलायला मला सांगितलं. तेवढ्यात तिथे आलेल्या आजीनं अट घातली.

"कोन येल तो येवदे. पन देवाला नारल फोडल्याबिगर डब्याला हात नाय लावायचा."

"बरोबर आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

मी इंग्रजीत एक ओळ वाढवली: सोबत नारळ आणावा. त्या खेळात जगात दुसरीकडे कुठे ही अट नसावी.

त्यानंतर तर कुणीच आलं नाही.

"कॉलेज, नारळामुळे तर नसेल?"

"ओळ काढून टाकू का?"

"नको. आजीला शब्द दिलाय."

पुढे त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मारुती विकली गेली आणि मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. मी कल्याणला नोकरीला लागलो. फोनवर ते तब्येतीचं काही सांगत नसत. कोणी आलं का, एवढंच विचारत. मी नाही म्हणालो की "बरं" म्हणून फोन ठेवत. एखादं खोटं नाव सांगावं असं माझ्या मनात यायचं, पण जीभ वळली नाही. हळूहळू फोनही कमी झाले.

पावसाळा सरताना एकदा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी सवयीनं खेळाचं ते पान उघडलं. डब्याखाली नवी नोंद होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी:

"सापडला. नारळ फोडला. बाबा गेल्या महिन्यात गेले. शोधायला कुणीच येत नव्हतं, म्हणून मी आलो."