अकरा नंबरची मादी आणि वजनमावशी

आमच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वजनमावशी म्हणत. बावीस वर्षं रोज सकाळी आठला त्या एकेका उंदराला काट्यावर ठेवत आणि आकडा वहीत लिहीत. काट्याची ताटली थंड लागली तर आधी तिला तळहाताची ऊब देत. आमच्या मार्गदर्शक सरांना यायला उशीर व्हायचा, मावशींना झालेला कुणी पाहिला नव्हता.

मी तेव्हा पीएचडी करत होते. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते, उंदरात जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. ती काढली की उंदराची वाढ थांबते आणि मादीचं अंडाशय काही दिवसांत सुकून जातं. मग निम्म्या माद्यांना अंडाशय जागं करणाऱ्या हॉर्मोनची इंजेक्शनं द्यायची, उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. ऑपरेशन माझ्याकडे. कानातून सुई घालून ग्रंथी ओढून घ्यायची. दिसत काहीच नाही, सगळा हाताचा अंदाज. इंजेक्शनं आणि बाकीची उस्तवार मावशींकडे. ग्रंथीविना उंदीर फार नाजूक होतात. मावशी त्यांना साखरेचं पाणी पाजत, खाणं भिजवून देत, खोली गरम ठेवत. "माझ्या लेकीच्या बाळंतपणातही एवढी धावले नव्हते," म्हणत.

शेवटच्या दिवशी माद्या मारून मी सगळ्यांची अंडाशयं काढली. हॉर्मोन मिळालेली टपोरी, गुलाबी झाली होती, आत अंड्यांच्या पिशव्या दाटीवाटीने वाढलेल्या. बाटलीतल्या चार थेंबांनी मेल्यासारखा अवयव परत कामाला लागतो, हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मिठाच्या पाण्यावरच्या माद्यांची अंडाशयं मात्र सुकलेली. सगळ्यांची, फक्त अकरा नंबरची सोडून. तिचं चांगलं भरलेलं होतं.

मी आगापीछा न बघता सरांकडे गेले आणि मावशींनी इंजेक्शनांची अदलाबदल केली म्हणून सांगितलं. सरांनी त्यांना बोलावून उद्यापासून येऊ नका म्हटलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "वही बघा."

वही मी उघडली ती त्यांच्याविरुद्ध पुरावा सापडावा म्हणून. अकरा नंबरच्या ओळीत सहाव्या दिवसापासूनच्या आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केले होते. वजन रोज ग्रॅमभर, कधी दोन ग्रॅम वाढत होतं. हॉर्मोन मिळालेल्या एकाही मादीचं वाढलेलं नव्हतं. आमच्या इंजेक्शनाने अंडाशय वाढतं, उंदीर वाढत नाही. उंदीर वाढवते ती ग्रंथी.

ग्रंथी पुरती निघाली होती का ते नंतर तपासता यावं म्हणून मारलेल्या उंदरांची मुंडकी आम्ही बरणीत ठेवत असू. अकरा नंबरचं काढून कवटीचा तळ भिंगाखाली धरला. खळग्याच्या कडेला खसखशीएवढा तुकडा चिकटून राहिला होता. माझ्या सुईतून निसटलेला. त्या एवढ्याशा तुकड्याने एकट्याने अख्खी मादी वाढवली होती, तिचं अंडाशय जिवंत ठेवलं होतं. मी किती तरी वेळ बघत राहिले. भीती वाटावी इतकं अफाट होतं ते.

मावशी उंदीरघरात आपलं सामान पिशवीत भरत होत्या. त्यांना भिंगापाशी आणून बसवलं.

"केवढंसं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि एवढं सगळं करतंय?"

"मावशी, चूक माझी होती. हे माझ्या हातून राहिलं."

"ते मला सहाव्याच दिवशी कळलं, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी भिंगावरून डोळा काढला नाही. "तुमची पहिलीच ऑपरेशनं. हात कापत होते तुमचे. म्हटलं, सरांच्या कानावर गेलं तर तुम्हाला घरी बसवतील."