नीसची पिवळी फुलं

आज अमेरिकेत, प्लेनोच्या आमच्या घरी आईची जुनी पर्स रिकामी करताना मिमोझाच्या पिवळ्या फुलांची सुकलेली डहाळी निघाली. मधासारखा पुसट वास अजून होता.

दहा वर्षांपूर्वी आम्ही फ्रान्समध्ये नीसला गेलो होतो. कार्निव्हल होता; समुद्रकाठच्या रस्त्याने सजवलेले रथ चालले होते आणि त्यांवरून मिमोझाची पिवळी फुलं उधळली जात होती. सगळे हात उंचावून झेलत होते. आईने मात्र ओटी भरून घ्यावी तसा पदर पसरला. मी करवादले, "आई, पदर आवर. लोक बघतायत." तिने पदर सोडला. फुलं रस्त्यावर सांडली. ही डहाळी तिने कधी उचलली, कळलंच नाही.

आता तिला तो समुद्र आठवत नाही, मीही नाही. डहाळी मी तिच्या मांडीवर ठेवली. तिने दचकून गाऊनवर नसलेला पदर आवरला आणि मला विचारलं, "बाई, लोक बघतायत का हो?"