कशाचे पेढे?

पेढ्यांचा पुडा माझ्यासमोर धरून वकीलसाहेब म्हणाले, "घ्या की बाई. आज तर सगळ्यांच्या आधी तुम्ही घ्यायला पाहिजे."

धारवाडातल्या मराठी शाळेची स्टाफरूम. वकीलसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. आखातात बॉम्ब पडायला लागले होते. सकाळी ती बातमी फळ्यावर मीच लिहिली होती, कारण शाळेत माझं अक्षर चांगलं. आता त्या बातमीचे पेढे आले होते. आठ जण चहा प्यायचं थांबून माझ्या हाताकडं बघत होते. त्यांच्यात मी एकटी मुसलमान.

माझा धाकटा भाऊ तेव्हा कुवेतमध्ये होता. गोकुळ रोडच्या वर्कशॉपात शिकलेला फिटर. शेजारच्या देशाचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं, तेव्हापासून त्याचं पत्र नव्हतं. बाकीचे विमानं भरभरून परत आले. हा आला नाही. अम्मा रोज पोस्टमनची वाट बघत दारात बसायची. हेडसरांना हे ठाऊक होतं. तारऑफिसात जायला मी त्यांच्याकडूनच अर्ध्या दिवसाची रजा घ्यायची. पाच महिन्यांत भावाचं काय झालं, असं एकानंही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "बाई, तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

कुणाच्या बाजूनं! एकानं भावाला कोंडून ठेवलेलं, दुसरा वरून बॉम्ब टाकतोय. यात मी काय बाजू सांगू? तिकडचे हुकूमशहा काय आणि अमेरिकेचे साहेब काय, कुणी माझ्या मामाचा मुलगा लागत नाही. मी धारवाडची. घरात दखनी, बाजारात कानडी, वर्गात मराठी व्याकरण.

मी पेढा घेतला. खाल्ला. वर "छान आहे" असंही म्हणाले. त्याची मला अजून लाज वाटते. शिपाईण गंगव्वा कपबशा घेऊन दारात उभी होती. सगळे पांगल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "का खाल्लं अक्का? नको म्हणायचं की." मी तांब्या तोंडाला लावला.

भाऊ आला तो उन्हाळ्यात. एका कानानं ऐकू येईनासं झालेलं. आता धारवाडजवळच रायापूरला पंप दुरुस्त करतो. त्यानं तिकडचं थोडं सांगितलं, मी इकडचं सगळं सांगितलं. पेढ्याचं सोडून.

बारा वर्षांनी पुन्हा तिकडंच बॉम्ब. मधल्या वर्षांत कुठल्याही मुसलमान देशात काही झालं, की ती बातमी वर येईल अशी घडी घातलेला पेपर माझ्या टेबलावर यायचा. "सांगा बाई, हे बरोबर का?" मी थकले होते. राग यायलासुद्धा अंगात जोर लागतो.

पुन्हा पुडा आला. वकीलसाहेब आता म्हातारे झालेले. जूनमध्ये हेडसर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी नंबर माझा, पण सही वकीलसाहेबांची.

"घ्या बाई."

"कशाचे पेढे, साहेब?"

"अहो, बातमी वाचली नाही काय?"

"फळ्यावर मीच लिहिली आहे. तुम्ही तोंडानं सांगा. कुणाच्या घरावर काय पडलं म्हणून हे पेढे?"

त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. मग मी उभी राहिले. "मागच्या वेळी माझा भाऊ त्या बॉम्बखाली होता. तुम्ही मला पेढा चारला होता आणि मी खाल्ला होता. आता खाणार नाही."

हेडसर पुटपुटले, "बाई, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं." पुडा टेबलावर तसाच राहिला. दुसऱ्या कुणी हात लावला नाही. माझ्यासाठी नव्हे, धीर झाला नाही म्हणून.

जूनमध्ये खुर्ची माझ्यामागून सहा वर्षांनी लागलेल्या बाईंना मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या संध्याकाळी मी रायापूरला गेले. भावाच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि दोन्ही पुड्यांचं सांगून टाकलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "आपा, इत्ते साल कायकू बोले नै?"

अजून फळ्यावर बातम्या मीच लिहिते. लढाया काही थांबत नाहीत, त्यामुळं पुडाही येईल. आता मी बाजू सांगणार नाही. माझं माणूसपण रोज नव्यानं दाखवायला उभी राहणार नाही. खुर्ची गेली, आता भीती कशाची? आता विचारायचं ते मीच विचारीन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. कशाचे पेढे?