बारकीचा खुबा

शाळेत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. मुली पाठीमागं त्यांना शिट्टीबाई म्हणायच्या आणि ते त्यांच्या कानावरही होतं. खेळाच्या तासाच्या बाई. उन्हानं विटलेली टोपी, पायात जाड सोलचे बूट, आणि एवढ्याशा अंगातून मैदानाच्या पार त्या टोकाला पोचणारा आवाज. लग्न त्यांनी केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात मागची खोली त्यांची होती. खोलीत पलंगाखाली चेंडूंची जाळी आणि खिडकीत वाळत घातलेल्या क्रेप पट्ट्या.

तरुणपणी त्या स्वतः धावायच्या. मग एकदा वळणावर गुडघा पिळवटला आणि आतली गादी फाटली. कुणी तेल चोळलं, कुणी शेक दिला, आणि सूज उतरायच्या आत बाई पुन्हा मैदानावर. पुढं गुडघा चालता चालता मध्येच अडकायला लागला आणि धावणं सुटलं. यातून खरं तर वेळेवर थांबायला शिकायचं होतं. त्या शिकल्या भलतंच. आपण दुखण्याला भ्यालो, आणखी थोडा नेट लावला असता तर निभावलं असतं, असं त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

तशा त्या अडाणी नव्हत्या. मुलीचा पाय मुरगळला की कुणाला चोळू द्यायच्या नाहीत. आधी बर्फ, मग पट्टी, मग पाय उशीवर. बोट निखळलं तर ओढून बसवायला निघालेल्या मुलींच्या आयांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. नडगी दुखणाऱ्या मुलींना त्या सरळ बाकावर बसवायच्या. दुसऱ्याच्या मुलींच्या बाबतीत त्यांचं सगळं बरोबर असायचं.

भावाची एकुलती एक मुलगी अंगानं काडी, म्हणून घरात तिला बारकी म्हणत. चेंडू आणायला ती मैदानभर पळायची तेव्हा शिट्टीबाई हातातलं काम सोडून बघत राहायच्या. भाऊ म्हणाला, "पोरगी तुझ्या हवाली. मला त्यातलं काही कळत नाही." तेव्हापासून रोज सकाळी आत्या आणि भाची उजाडायच्या आत घराबाहेर पडायच्या. वहिनी दोघींसाठी दूध उकळून ठेवायची. बारकी अर्धा पेला प्यायची, उरलेलं बेसिनमध्ये. जड वाटतं, म्हणायची. आत्या ते बघून न बघितल्यासारखं करायची, कारण हलकं शरीर वेगानं धावत होतं.

बारकी सोळाची झाली त्या वर्षी निवडीची मोठी शर्यत होती. जिंकणारीला राहून शिकायच्या क्रीडा केंद्रात जागा मिळणार होती. मोसम सुरू झाला आणि तिच्या उजव्या जांघेत दुखायला लागलं. आधी नुसतं धावून झाल्यावर. मग जिना चढताना. मग झोपेत कूस बदलतानाही. आत्यानं बर्फ लावला, ताणाचे व्यायाम दिले, स्नायू भरला असेल म्हणाली. शेवटी वहिनीनंच टोकलं, तेव्हा आत्या-भाची हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी बारकीला दुखऱ्या पायावर उभं राहून हलकीशी उडी मारायला सांगितली. तिचा चेहरा पांढरा पडला. एक्स-रे काढला. तो उजेडाच्या पेटीवर लावून डॉक्टर बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी तिला पाळी नियमित येते का विचारलं. बारकीनं आत्याकडे बघितलं. आत्याच म्हणाली, काही महिने आली नाही, पण धावणाऱ्या मुलींचं होतं तसं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बारकीला वजन करायला शेजारच्या खोलीत पाठवलं.

"फोटो स्वच्छ दिसतोय म्हणून गाफील राहू नका," ते म्हणाले. "खुब्याच्या हाडाला केसाएवढी चीर गेली असावी असा मला संशय आहे. सुरुवातीला ती एक्स-रेत दिसत नाही. एमआरआय करून घ्या. तोवर धावणं बंद, आणि त्या पायावर भारही नको, कुबड्या घ्या. मुलगी पोटभर खात नाही, पाळी बंद झाली, म्हणजे हाडं पोसली जात नाहीयेत. आणि हे हाड जर तुटून सरकलं तर सांध्यात बसणाऱ्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग माझ्या हातात फार राहत नाही."

शिट्टीबाईंनी सगळं ऐकलं. समजलंही सगळं. शर्यत तोंडावर आली होती.

घरी भाऊ वाटच बघत होता. काय म्हणाले, त्यानं विचारलं.

"एक्स-रे स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

वहिनीनं औषध काय दिलं विचारलं तर त्या म्हणाल्या, थोडी विश्रांती सांगितलीय. दोन्हीतलं काहीच खोटं नव्हतं. एमआरआय शर्यत झाली की लगेच करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि त्या रात्री त्यांना चांगली झोपही लागली. आठवडा संपेपर्यंत बारकी घरी बसली, दुखणं जरा कमी झालं, आणि आत्याला वाटलं, डॉक्टर लोक जरा जास्तच घाबरवतात.

शर्यतीत बारकी शेवटच्या वळणापर्यंत पुढं होती. तिला कुणी धक्का दिला नाही, ती कशाला अडखळली नाही. धावता धावता उजवा पाय खालून निघून गेल्यासारखी ती आडवी झाली. शिट्टीबाई कुंपण ओलांडून पोचल्या तेव्हा तिचा पाय आखूड दिसत होता आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळला होता. रडत नव्हती. "आत्या, पाय उचलत नाही गं," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. हाड जागेवर बसवून स्क्रू घातले. बाहेर बाकावर भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की एक्स-रे अगदी स्वच्छ होता हो, आता याला नशीब म्हणायचं, दुसरं काय. शिट्टीबाई शेजारीच बसल्या होत्या. तेव्हा बोलायला हवं होतं. वहिनी पदराआड रडत होती, तिला आणखी कसं दुखवायचं, असं म्हणून त्या गप्प राहिल्या. पुढं प्रत्येक वेळी काही ना काही कारण मिळत गेलं. टाके निघू देत. कुबड्या सुटू देत. परीक्षा होऊन जाऊ दे.

हाड जुळलं. पण गोळ्याला रक्त पुरेसं पोचलं नव्हतं. तो आतून हळूहळू ढासळत गेला. बारकी लंगडायला लागली. तिनं शिक्षण पुरं केलं, लांबच्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी धरली, तिथंच लग्न केलं. सुट्टीला यायची तेव्हा सगळ्यांशी गप्पा मारायची. आत्याशीही. फक्त मैदानाचा विषय कुणी काढायचं नाही.

इकडे शिट्टीबाई बदलल्या. कुणी नुसतं "बाई, दुखतंय" म्हटलं तरी त्या मुलीला खेळातून बाहेर काढायच्या आणि डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय आत घ्यायच्या नाहीत. काटकुळ्या मुलींना साहित्याच्या खोलीत एकेकटं बोलावून खातेस काय, पाळी येते का, असं सगळं विचारायच्या. काही आयांना ते खपलं नाही. शाळेला ढाली मिळेनाशा झाल्या. बाई म्हातारपणी मऊ पडल्या, असं मुख्याध्यापिका हसत हसत म्हणायच्या, आणि शिट्टीबाईही हसायच्या.

वहिनी गेली. बाई निवृत्त झाल्या. घरात भाऊ-बहीण दोघंच उरली. मग एक दिवस बारकीचा फोन आला. आता चार पावलंही टाकवत नाहीत, खुबा बदलायचाय. ऐन तिशीत, जो सांधा लोक म्हातारपणी बदलतात तो.

दोघं तिच्या शहरात गेली. शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी फिजिओथेरपिस्टनं तिला वॉकर धरून उभं केलं. आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला, असं करत तिनं खिडकीपर्यंत जाऊन दाखवलं. ती परत पलंगावर टेकली, थेरपिस्ट गेली, भाऊ डबा आणायला गेला होता. शिट्टीबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"तुला काही सांगायचंय. त्या वेळी डॉक्टर म्हणाले होते..."

"माहीत आहे मला, आत्या."

टाके काढायला गेली तेव्हा, वडील बाहेर बसलेले असताना, त्याच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. आत्यांना मी बजावलं होतं, तरी धावलीस कशी, म्हणून ते तिलाच रागावले होते.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली. कॉलेज संपेपर्यंत बघितली. मग कंटाळा आला." तिनं पायाखालची उशी सारखी केली. "इतक्या लांबची नोकरी का धरली असं वाटलं तुला? पगारासाठी?"

शिट्टीबाई म्हणाल्या, "आज दादाला सांगते."

"नको." बारकीचा आवाज चढला नाही. "बाबांकडे आता तू सोडून कोण आहे? तुला मोकळं वाटावं म्हणून त्यांना कशाला? राहू दे तुझ्यापाशीच."

दार ढकलून भाऊ आत आला. बरोबर नर्स होती. तिला तो कौतुकानं सांगत होता, ही माझी बहीण, या पोरीसाठी हिनं जिवाचं रान केलं, सख्खी आई करणार नाही एवढं. नर्स हसून शिट्टीबाईंकडे बघत राहिली. त्यांनी भावाच्या हातून डबा घेतला, झाकण काढलं आणि बारकीला आधी वाढायला घेतलं.